ओरिजनल ऑफिसात जमा

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत की आजी दिवाळीला येणार होती, मग आली का नाही. तुमच्या बाबानं मध्येच फोन घेतला आणि विषय बदलला, कारण त्यालाही मी नीट काही सांगितलेलं नव्हतं. मला सगळं ओळीनं सांगायची सवय आहे आणि फोनवर ओळ राहत नाही. तिकडं तुमचं दूध उतू जातं, इकडं नळाला पाणी येतं. म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिकणं आणि शिकवणं इंग्रजीत झालं, पण हे जे घडलं ते मराठीत घडलं, म्हणून मराठीतच लिहिते. मोठीनं वाचावं, धाकट्याला वाचून दाखवावं आणि कुठं अडलं तर बाबाला विचारावं.

मी नर्सिंग शिकवायचे हे तुम्हाला ठाऊक आहे. सरकारी कॉलेजातून निवृत्त झाले, डॉक्टरेट तर त्याच्या बरीच आधी झाली होती, आणि मग मी घरी बसले. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. त्या पाण्याच्या दिवसाचा सगळा कारभार तुमच्या आजोबांनी हातात घेतला. कुठली टाकी आधी, कुठला पिंप नंतर, मोटर कधी लावायची, सगळं तेच ठरवतात. मी एकदा पिंपांचा क्रम बदलून पाहिला, तर दोन दिवस त्यांचं तोंड वाकडं होतं. सांगायचं एवढंच की घरात माझ्याजोगं काम उरलं नव्हतं. म्हणून फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. ती आता शहराबाहेरच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजची प्राचार्य आहे. विद्यापीठाकडून एक काम आलं होतं. नर्सिंगच्या शिक्षकांना नोकरीच्या जागी कितपत बरं वाटतं ते मोजायचं होतं. प्रश्नावली इंग्रजीत होती. ती मराठीत आणायची, सगळ्या शिक्षिकांकडून भरून घ्यायची आणि अहवाल लिहायचा, यासाठी त्यांना बाहेरचं पण जाणतं माणूस हवं होतं. प्रश्नावली म्हणजे काय, तर वाक्यांची एक यादी. ‘माझ्या कामाचा मान ठेवला जातो.’ ‘सकाळी कामावर जाताना मला उत्साह वाटतो.’ अशी वाक्यं, आणि प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे. मुळीच पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच.

मराठी करताना मला फार मजा आली. पहिल्या खर्ड्यात वाक्यं अशी झाली होती की आजोबा म्हणाले, “हे वाचून बरं असलेलं माणूसही आजारी पडेल.” मग मी ती आमच्या स्वयंपाकघरात बोलता येतील अशी केली.

एका शनिवारी दुपारी कॉलेजच्या वाचनालयात सगळ्या शिक्षिका बसल्या. मी नियम सांगितले. नाव लिहायचं नाही, एकमेकींचं बघायचं नाही, घाई नाही. सगळ्यांनी मान डोलावली. कागद परत आले तेव्हा मी तिथंच चाळले आणि मला हसावं की काय करावं कळेना. सगळ्या कागदांवर, सगळ्या वाक्यांपुढं, चार. आणि प्रत्येक कागदाच्या खाली सही, तारीख, वेळ.

तुम्हाला हे समजायला वॉर्ड माहीत पाहिजे. आम्ही मुलींना पहिल्या वर्षापासून शिकवतो की चार्टवर आकडा मांडला की त्याची जबाबदारी आपली. रुग्णाचा ताप जास्त भरला तर नुसतं लिहून भागत नाही. इनचार्ज सिस्टरला सांगायचं, डॉक्टरांना कळवायचं, कुणाला कळवलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. सही नसलेला चार्ट म्हणजे न केलेलं काम. हे हाडात इतकं मुरतं की दमलेली मुलगी कधीकधी नाडी न मोजताच बहात्तर लिहून मोकळी होते, कारण बहात्तरला कुणी काही विचारत नाही. या सगळ्या शिक्षिका त्याच वॉर्डांतून आलेल्या. त्यांनी स्वतःच्या मनाचाही चार्ट तसाच भरला होता. एक किंवा दोन लिहिलं तर कुणाला तरी कळवावं लागणार. पाचसुद्धा कुणी लिहिला नव्हता, कारण पाच म्हणजेही कुणीतरी येऊन बघणार. नाव लिहू नका म्हटलं होतं, नाव कुणीच लिहिलं नव्हतं. सही म्हणजे त्यांच्या लेखी नाव नव्हे.

प्राचार्य खूश झाली. घरी सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, “अख्खं कॉलेज नॉर्मल? मग मला तिथंच ॲडमिट करा.”

विद्यापीठात हे काम बघणाऱ्यांना मी फोन करून खरं ते सांगितलं. असले कागद काही कामाचे नाहीत, मी एकेकीशी बसून बोलते आणि आकडे मी लिहिते. त्यांनी होकार दिला.

कॉलेजात वातानुकूलित खोली एकच होती, ती म्हणजे सरावाची प्रयोगशाळा. तिथल्या खाटांवर रबराचे पुतळे झोपलेले असतात, त्यांच्यावर मुली इंजेक्शन द्यायला शिकतात. तो गारवा पुतळ्यांच्या रबरासाठी होता, शिक्षिकांसाठी नव्हे. पण मे महिना होता, आणि माझ्यासमोर येऊन बसायला कुणी नाही म्हणाली नाही. पुतळ्यांच्या मध्ये दोन खुर्च्या टाकून मी एकेकीला बोलावलं.

त्या बोलल्या. एक म्हणाली की सगळीकडं चारच लिहा, आणि मग तासभर बोलत राहिली. दुसरीनं विचारलं की मान म्हणजे मुलींकडून का मॅनेजमेंटकडून, दोन्हींचे आकडे वेगळे येतील. उन्हाळ्यात त्यांना प्रवेशासाठी मुली गोळा करायला पाठवतात. पत्रकं घेऊन सिल्लोडला, सोयगावला, वाड्या-वस्त्यांवर जायचं, आयांना समजवायचं. परत आल्यावर किती जणी तयार झाल्या ते सगळ्यांच्या मोबाइल ग्रुपवर टाकायचं. एकीच्या पायाला त्या उन्हात फोड आले होते, ते तिनं मला चपला काढून दाखवले, जणू मी अजून तिची वॉर्डातली सिस्टर होते. मी सगळं ऐकलं आणि जे सांगितलं तेच मांडलं.

मग ती आली. ती तिथली सगळ्यात तरुण शिक्षिका होती, बालरोग नर्सिंग शिकवायची. सोयगावकडच्या एका खेड्यातली. वडील बाजार समितीत हमाली करत. घरात पदवी घेणारी ती पहिली. मुली तिच्या तासाला वेळेआधी जाऊन बसतात हे मी पाहिलं होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि भराभर उत्तरं देत गेली. चार, चार, तीन, चार. मग मी पुढचं वाक्य वाचलं: ‘मला वाटलं तर मी ही नोकरी सोडू शकते.’

ती हसली. “मॅडम, मनानं का कागदानं?”

मी म्हणाले, म्हणजे काय.

“मनानं तर मी लई आधी सोडली. कागदं नाय सोडत.”

मग तिनं सांगितलं. या कॉलेजात रुजू होताना प्रत्येकीनं आपली मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करायची असतात. दहावी-बारावीपासून पदवीपर्यंत सगळी, आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, ज्याच्याशिवाय नर्स म्हणून कुठंच उभं राहता येत नाही. ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे, त्यात एकेकीची फाईल. कौन्सिलच्या इन्स्पेक्शनला दाखवावी लागतात, असं कारण सांगतात. पण खरं कारण सगळ्यांना माहीत असतं. कागद आत असले की माणूस जात नाही.

ही मुलगी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरच्या जागेसाठी परीक्षेला बसली होती आणि निवडली गेली होती. आता पुण्याला कागदपत्रांची तपासणी होती, दहा-बारा दिवसांवर. तिथं मूळ कागद समोर ठेवावे लागतात. झेरॉक्स चालत नाही. त्या दिवशी कागद नसतील तर नाव कटतं आणि खालच्या उमेदवाराला जागा जाते. आणि अशी भरती पुन्हा निघायला कैक वर्षं लागतात. ऑफिसात तिनं मागून पाहिलं होतं. इन्स्पेक्शन झालं की बघू, असं उत्तर मिळालं होतं. इन्स्पेक्शन कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“या वाक्याला किती लिहू?” मी विचारलं.

“एकाच्या खाली नाय का काही?”

मी एक लिहिला. आणि तो लिहिल्यावर, चार्टचा नियम माझ्याही हाडात असल्यामुळं, कुणाला कळवायचं हा प्रश्न माझ्यापुढं आला. मी तर शब्द दिला होता की इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. म्हणून मी तिलाच विचारलं की मी प्राचार्यांशी बोलले तर चालेल का. तिनं पुतळ्याच्या चादरीची सुरकुती सरळ केली आणि म्हणाली, बोला, यापेक्षा वाईट काय व्हायचंय.

प्राचार्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठून दार लावलं. एवढी मोठी बाई, पण माझ्यासमोर अजून ती दुसऱ्या बाकावरची विद्यार्थिनीच वाटते मला. ती हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, मी तिची कुठून देऊ? माझी तरी कुठं माझ्याकडं आहेत?”

तिचीही फाईल त्याच कपाटात होती. किल्ली ऑफिसात, आणि हुकूम संस्थेच्या सचिवांचा. कॉलेजच्या दारात जिच्या नावाची पाटी आहे, तीही आतच होती.

आजोबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातात मोटरचा खटका होता. त्यांनी तो बंद केला. म्हणाले की हे बेकायदा आहे, लेखी तक्रार कर, मी मजकूर सांगतो. मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली की तक्रार खरी आहे काका म्हणतात ती, पण तक्रारीला उत्तर येईपर्यंत पुण्याची तारीख निघून जाईल. आणि तक्रार तिची आहे हे कळायला एक दिवससुद्धा लागणार नाही. आजोबांनी मोटर पुन्हा चालू केली. नंतर म्हणाले, “बरोबर आहे पोरीचं. कायद्याला घाई नसते.”

मग मी स्वतः सचिवांना भेटायला गेले. मध्यम वयाचा, स्वच्छ कपड्यांतला माणूस. माझ्या पाया पडला. चहा मागवला, त्यात साखर किती हे मला विचारलं. म्हणाला, “मॅडम, आम्ही कुणाला अडवून ठेवतो का? दार उघडंच आहे. पण भर सत्रात पोरी सोडून गेल्या तर मुलींना शिकवायचं कुणी? तुम्हीच सांगा, तुम्ही जिंदगीभर हेच काम केलंय.”

हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला राग आला. मी म्हणाले की तिला फक्त तपासणीपुरते कागद द्या. तो म्हणाला की द्यायला हरकत नाही, तशी आमच्याकडं पद्धत आहे. कुणाला कागद बाहेर न्यायचे असतील तर दुसऱ्या कुणी तरी तिच्या जागी उभं राहायचं. म्हणजे आपले कागद जामीन ठेवायचे, आणि ती परत आली नाही तर तिचं काम आपण करायचं, तिच्या जागी नवीन कुणी मिळेपर्यंत. इतर शिक्षिकांचे कागद तर आधीच आत होते, त्यामुळं ती पद्धत कुणाच्या उपयोगाची नव्हती.

“तुमचे ठेवा की, मॅडम,” तो म्हणाला. “तुम्ही तर आमच्या आईसारख्या. आणि डॉक्टरेट असलेलं माणूस आमच्याकडं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.”

ते मला माहीत होतं. इन्स्पेक्शनला डॉक्टरेट असलेली प्राध्यापिका दाखवता आली तर त्यांना वरचा अभ्यासक्रम मिळणार होता. तो चहा विचारत होता तेव्हापासून हेच त्याच्या मनात असणार.

घरी आल्यावर मी माझी फाईल काढली. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या कव्हरात, सालाप्रमाणं. आजोबा समोर बसले होते.

“तू समाधान मोजायला गेली होतीस,” ते म्हणाले.

मी म्हणाले, हो.

“आणि ती परत नाही आली तर?”

मी म्हणाले की तपासणी झाली की ती कागद घेऊन येणार आहे, तसं ती म्हणाली आहे. आजोबा बघत राहिले. त्यांना मी चांगली ओळखते. ते मनात म्हणत होते की मी हे त्यांना सांगते आहे की स्वतःला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझी फाईल आत गेली आणि तिची बाहेर आली. हे एकाच वेळी झालं, कारकुनाच्या एका हातात माझी, दुसऱ्या हातात तिची. तिनं तिथंच उभ्याउभ्या एकेक कागद काढून पाहिला. दहावीच्या कागदाचा एक कोपरा दुमडला होता, तो तिनं बोटानं दाबून सरळ केला. माझ्या पाया पडायला वाकली तशी मी तिला अडवलं. म्हणाले, बस चुकेल तुझी.

तपासणी व्यवस्थित झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सरळ आमच्या घरी आली, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत फाईल. आजोबांनी तिला पोहे दिले. तिनं फाईल टेबलावर ठेवली.

“आणली. उद्या सकाळी ऑफिसात ठेवून येते, तुमची घेऊन येते.”

“आणि ऑर्डर?” मी विचारलं.

“ऑर्डर यायचीय. महिन्याभरात येईल म्हणले. तवा परत मागीन.”

“परत मागशील,” आजोबा म्हणाले, “आणि ते देतील?”

ती पोह्यातले शेंगदाणे बाजूला सारत राहिली. तिला ठाऊक होतं. रुजू व्हायच्या दिवशीही मूळ कागद लागतात. उद्या ती फाईल कपाटात गेली तर महिन्याभरानं पुन्हा कुणीतरी जामीन शोधावा लागणार होता. आणि ज्या सचिवाला एकदा कळलं की हिला सरकारी जागा लागली आहे, तो आता ती फाईल सहज बाहेर येऊ देणार नव्हता.

मी म्हणाले, “ठेवू नकोस. घरी घेऊन जा.”

“मग तुमचं कसं, मॅडम?”

“माझं काय. मला कुठं जायचंय?”

हे बोलताना मला तुम्ही दोघं आठवलात. तुमच्याकडची दिवाळी ठरली होती. धाकट्यानं माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली आहे असं बाबा म्हणाला होता. मी ते तिला सांगितलं नाही. आजोबांनी सांगितलं नाही हेही मी लक्षात ठेवलं आहे. तिनं दोनदा फाईल पिशवीत घातली आणि दोनदा बाहेर काढली. शेवटी आजोबांनीच ती पिशवीत सरकवली, पिशवी तिच्या खांद्यावर अडकवली आणि तिला रिक्षापर्यंत सोडून आले.

तिची ऑर्डर आली. ती रुजू झाली. सचिव माझ्यावर रागावला नाही. म्हणाला की तुम्ही आहात म्हणजे आम्हाला चिंताच नाही. आणि मी बालरोग नर्सिंगचे तास घ्यायला लागले.

पुढचे महिने कसे गेले ते सांगते. काम मला नवीन नव्हतं. मुली चांगल्या होत्या. मी पूर्वी हेच काम आनंदानं करत होते, तेच टेबल, तोच फळा, तेच बाळाचं वजन घ्यायचं प्रात्यक्षिक. पण इन्स्पेक्शन कोणत्याही दिवशी येऊ शकतं आणि त्या दिवशी फाईल आणि माणूस दोन्ही हजर लागतं, म्हणून शहराबाहेर जायचं नाही असं होतं. गंगापूरला आजोबांच्या चुलतभावाकडं लग्न होतं, एका तासाच्या अंतरावर. आजोबा एकटे गेले. मी घरी फोन जवळ घेऊन बसले होते. मला कुणी कुलूप लावलं नव्हतं. मी भाजी आणायला जात होते, बँकेत जात होते. पण मन सारखं त्या कपाटाशी जाऊन उभं राहायचं. माझी तरुणपणची सगळी वर्षं त्यात होती, आणि ती मला हवी असोत वा नसोत, मागायला दुसऱ्याच्या दारात जावं लागणार होतं. चाळीस वर्षं मी मुलींना ताठ उभं राहायला शिकवलं. त्या काळात माझ्या लक्षात आलं की ऑफिसावरून जाताना मी हळू चालते.

दिवाळीच्या सुट्टीत फोन चालू ठेवा अशी सूचना आली. तिकीट मी काढलं नाही. तुम्हाला सांगितलं की कॉलेजात काम आहे. ते खरंच होतं.

मोजणीचा अहवालही मी याच काळात पूर्ण केला. त्यात कुणाचं नाव न घेता एक वाक्य लिहिलं की मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडं जमा असल्यामुळं नोकरी सोडण्याबद्दलच्या प्रश्नाला शिक्षिका मोकळेपणानं उत्तर देऊ शकत नाहीत. प्राचार्य म्हणाली, “हे वाक्य गेलं तर पहिल्यांदा मलाच बोलावतील, मॅडम.” मी म्हणाले की अहवालावर सही माझी आहे. तो मी परस्पर विद्यापीठात पाठवला. अहवाल मिळाल्याची पोच आली, आभार आले. पुढं काही आलं नाही.

जानेवारीत एक मुलगी मुलाखतीला आली, बालरोग नर्सिंगच्याच जागेसाठी. मुलाखत घ्यायला सचिव, प्राचार्य आणि मी. गंगापूरकडची होती, वय चोवीस-पंचवीस, बोलायला धीट. विषय तिला उत्तम येत होता. मुलाखत संपल्यावर सचिवानं मला सांगितलं की मॅडम, तिचे ओरिजनल घ्या, तुमचे मोकळे होतील. अगदी साधेपणानं, जसं कुणी मीठ इकडं द्या म्हणतं तसं.

मुलीनं फाईल माझ्यासमोर सरकवली. मी एकेक मूळ कागद झेरॉक्सशी ताडून पाहिला, झेरॉक्सवर ‘मूळ पाहिले’ असं लिहून सही केली, मूळ कागद परत फाईलमध्ये घातले आणि फाईल तिच्याकडं ढकलली. म्हणाले, “झालं. ही घरी घेऊन जा, नीट ठेव.”

प्राचार्य खाली बघत होती. सचिव हसला आणि म्हणाला की मॅडमचं काम नियमात असतं. त्यानं मला एक शब्दही वावगा म्हटला नाही. मी घरी आले, आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग आता पोरांना उन्हाळ्यात येतो म्हणून सांगायचं का?” त्या रात्री मला तुमचा इतका राग आला, तुमचा काही संबंध नसताना, की मी तुमच्या बाबाचा फोन उचलला नाही.

दोन दिवसांनी मी तास संपवून ऑफिसावरून जात होते, तर कारकुनानं हाक मारली. माझी फाईल टेबलावर होती. घेऊन जा म्हणाला, बदली कागद आलेत. बाजूच्या बाकावर ती नवी मुलगी बसली होती, हातात नेमणुकीचा कागद. मी तिला विचारलं की मी तुला काय सांगितलं होतं.

ती उठून उभी राहिली. “मॅडम, फाईल दिल्याशिवाय ऑर्डर देत नव्हते. मी दोन दिवस इचार केला. घरी आई आहे, भाऊ लहान आहे. मला ही नोकरी पाहिजे. तुम्ही मला आडवू नका.”

मी म्हणाले की मी तुला अडवत नाही.

“मग घ्या ना तुमची,” ती म्हणाली, आणि स्वतःच फाईल उचलून माझ्या हातात दिली.

मी ती घेतली. मी न घेतल्यानं तिची फाईल काही सुटणार नव्हती. बाहेर रिक्षात बसल्यावर मी फाईल उघडली नाही, कागद मोजले नाहीत. जिला प्रत्येक कागद सालाप्रमाणं लावलेला लागतो तिनं ते मोजले नाहीत, हे आजोबांनी नंतर बोलून दाखवलं.

तिकीट मार्चचं काढलं आहे. तोवर मी तिला काम दाखवायला जाते आहे, कारण मुलींचा अभ्यासक्रम अर्धा राहिला आहे आणि ती एकटी आहे. ती चांगली शिकवेल. परवा लहान बाळाच्या पुतळ्याला कसं उचलायचं ते मी दाखवत होते, मान कशी तोलायची, हात कुठं ठेवायचा. तिनं नीट उचललं. मग बाळ खाली ठेवता ठेवता तिनं विचारलं की मॅडम, जाताना कागद मागितले की किती दिवसांत देतात. मी तिला खरं ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पुतळ्याच्या अंगावर दुपटं घातलं, आणि मुलींना आत बोलावलं.